नळीच्या आतले काम

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात जुनी बंदूक दिसली की माणसे आधी नक्षी बघतात. दस्त्यावरची हस्तिदंती फुले, नळीच्या तोंडाशी घडवलेला वाघाचा जबडा, सोन्याच्या तारेची कोफ्तगिरी. काचेखालच्या पाटीवरही बहुधा एवढेच असते: तोड्याची बंदूक, लोखंड व सोने, १८वे शतक. हे कौतुक चुकीच्या जागी होते, असे माझे म्हणणे आहे. नक्षी फसली तर खरवडून पुन्हा करता येते. नळी फसली तर बार उडवणाऱ्याचा डोळा जातो. बंदूक घडवणाऱ्याची खरी विद्या नळीत असते आणि तिथे कोणी डोकावत नाही.

जाड लोखंडी पट्टी तापवायची, सळईभोवती वळवायची आणि कडा ठोकून एकजीव करायच्या. सांगायला काम एवढेच. पण लोखंड लोखंडाला धरते ते पांढऱ्या तावावर असतानाच. ताव कमी पडला तर सांधा वरून मिटलेला दिसतो आणि आतून उघडा राहतो. जास्त झाला तर लोखंड जळून ठिणग्या उडायला लागतात. हा ताव ओळखायचा नुसत्या रंगावरून. कडांमध्ये कीट अडकले तरी सांधा कच्चा. सळई आत घालून थोडे घाव होतात न होतात तोच ती ओढून काढावी लागते, नाहीतर आकसणारे लोखंड तिला धरून बसते. एका तावात दोन-तीन बोटे लांबी जेमतेम सांधली जाते. मग पुन्हा भट्टी, पुन्हा भाता. अडीच हात नळीला असे किती ताव लागत असतील, याचा हिशेब वाचकानेच करून पाहावा.

इतके करूनही उभ्या सांध्याची नळी दगा द्यायची. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो की पूर्वी नळी पाव भागाहून अधिक ठासण्याची सोय नव्हती. अकबराच्या कारखान्यात पट्टी तिरपी गुंडाळून, वेढे एकमेकांवर चढवून सांधण्याची रीत आली. दारूचा दाब नळी उभी चिरू पाहतो, आणि जुन्या रीतीत नेमकी तिथेच लांबच लांब शिवण असायची. तिरप्या वेढ्यांची शिवण नळीभोवती फिरत जाते, त्यामुळे दाबाला ती सरळ उसवता येत नाही. या शोधाचे श्रेय अबुल फजल बादशहाला देतो. दरबारी माणसाने ते दुसऱ्या कोणाला द्यावे? तरी उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन कारागिरांची नावे त्याने नोंदवली आहेत, हेच पुष्कळ. प्रत्येक नळीवर कच्च्या आणि घडलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, जागा, तारीख आणि क्रमांक कोरला जाई, असेही तो लिहितो. आजच्या काचेखालच्या पाटीवर यातले निम्मेही नसते.

बंदुकीच्या नळीची दुसरी अवघड जागा म्हणजे तिचे बूड. तिची गोष्ट गोव्याहून जपानपर्यंत जाते. १५१०मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांना तिथे बंदुका घडवणारे कसबी लोहार आयते मिळाले. त्यांचे काम बोहेमियाच्या तोडीचे आहे, असे त्यांचा सेनापती अल्बुकर्क याने आपल्या राजाला कळवले होते. १५४३मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर जी बंदूक उतरली, तिचा चाप याच गोवा-मलाक्का घराण्यातला होता, असे अनेक अभ्यासक मानतात. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि तशीच बंदूक घडवण्याचे काम याइता किनबेइ या तलवारी घडवणाऱ्या लोहारावर सोपवले. तलवारीचा लोहार तो. लोखंड वळवणे आणि सांधणे त्याला नवे नव्हते. अडला तो बुडाशी. तिथे आट्यांचा खिळा पिळून बसवलेला होता, आणि नळीच्या आत आटे कसे पाडायचे हे त्याला उमगेना. पुढच्या वर्षी परदेशी जहाजातून आलेल्या एका लोहाराने ती युक्ती शिकवली, असे १६०६च्या 'तेप्पो-की' या वृत्तांतात आहे. त्या विद्येसाठी किनबेइने आपली मुलगी परदेश्याला दिली, ही बेटावरची कथा मात्र दंतकथाच समजावी.

जपानी लोहारांनी पुढे हे आटे ज्या रीतीने पाडले, ती पाहण्यासारखी आहे. आधी खिळ्यावर कानशीने बाहेरचे आटे कोरायचे. मग नळीचे मागचे टोक लालबुंद तापवायचे, खिळा आत घालायचा आणि बाहेरून चौफेर ठोकायचे. मऊ झालेले लोखंड खिळ्याच्या खाचांत शिरते. निवल्यावर खिळा पिळून काढला की आत आटे तयार. आटे पाडायचे यंत्र नव्हते, म्हणून खिळाच साचा झाला.

असा खिळा आपल्या नळीत तंतोतंत बसतो आणि दुसऱ्या कोणत्याही नळीत बसत नाही. हातकामात अचूकपणा नसतो, हा समज म्हणूनच खोटा आहे. अचूकपणा होता, पण तो एका वस्तूपुरता होता. गोळ्या ओतायचा साचाही ज्या-त्या बंदुकीचा वेगळा. नळीचा पोकळ व्यास नेमका मोजणे कठीण, तराजू मात्र जागोजागी होता. म्हणून जपानात बंदुकीचे माप गोळीच्या वजनावरून सांगत आणि युरोपात एक पौंड शिशात तिच्या किती गोळ्या होतात त्यावरून. आपल्याकडे शेतराखणीला असलेल्या बारा बोअरच्या बंदुकीतले बारा ते हेच.

ज्या-त्या बंदुकीचे वेगळे माप पुढे मागे पडले. १७८५मध्ये ओनोरे ब्लाँ या फ्रेंच बंदूक कारागिराने पॅरिसजवळ व्हँसेन इथे पन्नास चापांचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवले. त्या वेळचे अमेरिकी वकील जेफरसन यांनी हाताला लागतील ते तुकडे उचलून काही चाप स्वतः जुळवले, आणि ते बिनचूक बसले. ब्लाँचे कामही बरेचसे कानशीचेच होते. त्याच्याकडे अधिक होते ते ठरलेले साचे आणि मापे. तेव्हा जुने आणि नवे यांच्यातली रेघ हात आणि यंत्र यांच्यामध्ये ओढणे बरोबर नाही. जुन्या कारागिराचे माप त्याच्या समोरच्या नळीत होते, नव्याचे नळीबाहेर, सगळ्यांसाठी एकच. बंदूक दूरच्या छावणीत मोडली तरी दुरुस्त व्हावी ही सैन्याची गरज, आणि तिने मूळ कारागिराचे महत्त्व संपवले.

जुन्या कारागिरांना हाताने घासण्याची हौस होती, असा गोड गैरसमजही नको. एकेक नळी साफ करायला धट्ट्याकट्ट्या माणसाला खूप वेळ राबावे लागे, म्हणून अकबराच्या कारखान्यात जनावर जुंपलेले चाक आले आणि त्यावर एका वेळी १६ नळ्या साफ होऊ लागल्या. ज्या कामात अक्कल लागत नाही ते जनावराकडे गेले, ताव ओळखणे माणसाकडे राहिले. याबद्दल हळहळण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

मारण्याच्या हत्याराचे एवढे गुणगान कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कसब हत्याराला बांधलेले नसते. जपानातल्या बिवा सरोवराजवळचे कुनितोमो हे बंदुका घडवणाऱ्यांचे गाव. तोकुगावा काळातल्या शांततेत बंदुकांची मागणी घटली. त्याच गावच्या कुनितोमो इक्कान्साइ (१७७८–१८४०) या बंदूक कारागिराने १८३०च्या दशकात परावर्तक दुर्बीण घडवली, तिचे धातूचे आरसे स्वतः घासून चकचकीत केले आणि १८३५-३६मध्ये सूर्यावरच्या डागांची वर्षभराहून अधिक काळ चित्रे काढली.

आपल्या संग्रहालयांनी एवढे तरी करावे: जुन्या नळ्यांची क्ष-किरण चित्रे काढून ती बंदुकीशेजारी लावावीत, आणि मोडकळीला आलेली एखादी नळी उभी चिरून तिचे वेढे, सांधे आणि बुडाचा खिळा लोकांना दाखवावा. पाटीवर नक्षीच्या आधी नळीची रीत लिहावी. कारागिराचे नाव कोरलेले असेल तर तेही, वाचता येईल अशा अक्षरात.