राजाच्या पंगतींतील पांगळा

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ९



योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पांच वर्षांचा असतां पळापळींत दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनीं पांगळा झाला. पुढें तो लो-दबार येथें माखीर नामक गृहस्थाच्या घरीं राहूं लागला. माखीर निर्दय होता असें शास्त्र म्हणत नाहीं. तेथें त्यास अन्न होतें, छप्पर होतें. परंतु तें घर त्याचें नव्हतें.

दावीद राजानें काय केलें तें पाहा. त्यानें लो-दबारास धान्याचीं पोतीं धाडून समाधान मानिलें नाहीं. माणसें पाठवून त्या पांगळ्यासच आणविलें. मग त्यास तीन गोष्टी दिल्या : आजोबाची जमीन, ती कसण्यास सीबा व त्याचीं माणसें, आणि राजपुत्रांच्या पंगतींत नित्याचें स्थान. अध्यायाचें शेवटचें वचन वाचा. राजाच्या मेजावर जेवूं लागल्यावरही तो दोन्ही पायांनीं पांगळाच होता, असें तें सांगतें. आधीं बरा हो, मग ये, अशी अट दाविदानें घातली नाहीं.

आजचें लो-दबार दूर नाहीं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. अशा रुग्णालयांत, तसेंच अपंगांच्या आश्रमांत, न्यावयास कोणी येत नाहीं एवढ्याचसाठीं राहिलेलीं माणसें आहेत. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें असें ठरविलें कीं, दिव्यांगास समाजांत राहण्याचा हक्क आहे, व त्यानें अमुकच ठिकाणीं राहावें अशी सक्ती होऊं नये म्हणून सरकारानें झटावें. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें, कुटुंब नाहीं, कुटुंब स्वीकारीत नाहीं किंवा घर नाहीं, एवढ्याच कारणास्तव कोणास रुग्णालयांत ठेवून घेऊं नये. कायद्यानें कडी काढली. पण हात धरून बाहेर आणणारा पाहिजे.

हें होऊं शकतें. चेन्नईच्या 'द बॅन्यन' या संस्थेनें सन २०१५ पासून, रुग्णालयांत वर्षें काढलेल्या माणसांची चार-पांच जणांनीं मिळून साध्या वस्तींतील भाड्याच्या घरांत राहण्याची सोय केली. सोबतीस मदतनीस असतो. बाजारहाट, स्वयंपाक व शेजार तीं आपलींच सांभाळतात. असें काम आपल्या रत्नागिरीसही झालें आहे.

आतां आमच्याकडे पाहूं. सोलापुरास अक्कलकोट रोड एमआयडीसींत टॉवेल व चादरींचे माग चालतात. त्याच रस्त्यानें पुढें कुंभारी येथें विडी व यंत्रमाग कामगार इत्यादि कष्टकऱ्यांसाठीं घरें उभीं राहिलीं. सन २०२४ च्या जानेवारींत रे नगरांतील १५,००० घरें देण्यांत आलीं. शेंकडा ४० वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठीं सरकारी घरकुल योजनांत शेंकडा ५ वांटा राखावा, असें कायदा सांगतो. हें आपल्या मंडळ्यांत किती जणांस ठाऊक आहे?

आम्ही स्वतःही दोषी आहों. एका नाताळांत आम्ही एका आश्रमांत जाऊन फळें वांटलीं, प्रार्थना केली, आणि दुपारच्या गाडीनें परत निघालों. तेव्हां एका बंधूनें विचारिलें, "पाळकसाहेब, तुमच्या गांवांत मला खोली मिळेल काय?" आम्ही म्हणालों, "प्रभु मार्ग दाखवील." खोली पाहण्यास मात्र आम्ही गेलों नाहीं. त्या दिवशीं आम्ही लो-दबारास पोतीं पोंचविलीं, इतकेंच.

म्हणून दाविदाच्या तीनही देणग्या मनांत धरा. पहिली, जागा : तळमजल्याची खोली, पायरीऐवजीं उतार, शौचालयांत धरावयास दांडी. दुसरी, मदत : सीबास १५ पुत्र व २० चाकर होते. एका पांगळ्याच्या शेतास इतके हात लागले. आम्ही मात्र सारा भार एका म्हाताऱ्या आईवर टाकितों. वार वांटून घ्या. कोणी औषध पाहावें, कोणी दवाखान्यास न्यावें, कोणी रात्रीं सोबत करावी. पण सावध असा! पुढें ह्याच सीबानें आपल्या धन्याची चहाडी करून त्याची जमीन लाटली. म्हणून पेन्शनचें पासबुक ज्याचें त्याच्याच हातीं राहूं द्या, व मंडळीनें त्यावर लक्ष ठेवावें. तिसरी, पंगत : टॉवेलांच्या घड्या घालणें, कडा शिवणें अशीं बसून करावयाचीं कामें त्यांस मिळवून द्या, लग्नाचें आमंत्रण द्या, प्रभुभोजनास त्यांस दाराशीं बसवूं नका. आणि काय हवें, कोठें व कोणासंगें राहावयाचें, हें आधीं त्यांसच विचारा.

शेजारी भितील, असें कोणी म्हणेल. थडग्यांत राहणारा तो मनुष्य शुद्धीवर आला तेव्हांही लोक भ्याले, व त्यांनीं प्रभूसच आपल्या प्रांतांतून जावयास सांगितलें. तरी प्रभूनें त्या मनुष्यास रानांत ठेविलें नाहीं, आपल्याबरोबर तारवांतही घेतलें नाहीं. त्याच्या घरीं, त्याच्याच लोकांत पाठविलें.

शौलाच्या घराण्यांतील कोणी उरलें आहे काय, असें दाविदानें विचारिलें, तेथून सर्व आरंभ झाला. येत्या रविवारीं प्रत्येक मंडळीनें हाच प्रश्न करावा : आमच्यांतील कोण बाहेर राहिलें आहे? नांव सांपडेल. मग पत्र नको, जाऊन भेटा. परततांना गाडींत एक जागा त्याच्यासाठीं मोकळी असूं द्या. प्रभु आम्हां सर्वांस हें करावयास बळ देवो. आमेन.