हाराखालील यंत्र

विजयादशमीस आपण मोटारीस झेंडूचा हार घालतो, कुंकुम लावतो, श्रीफळ वाढवतो. नव्या गाडीने पहिले दर्शन जामसावळीच्या मारुतिरायाचे घ्यावे, अशी अनेकांची इच्छा असते. हे उचितच आहे. परंतु ज्या बॉनेटवर तो हार शोभतो, ते बॉनेट आपण उघडतो कधी?

सौंसरहून छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथे इंजिनाची परीक्षा होते आणि आपल्या आळसाचे फळ मागे बसलेल्या लेकरांना भोगावे लागते.

तेल पाहण्याची रीत ध्यानात घ्यावी. गाडी सपाट जागी असावी. इंजिन बंद करून काही वेळ लोटलेला असावा. पट्टी काढताच दिसते ती पातळी खरी मानू नये. पट्टी पुसून पुन्हा आत घालावी. दुसऱ्यांदा दिसेल ते खरे. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरल्याचा संभव असतो. मग विलंब घातक होय.

मनाचेही असेच आहे. संतापाच्या भरात आत्मपरीक्षण साधत नाही. शांत झाल्यावरही मनाचे पहिले उत्तर स्वस्तुतीने माखलेले असते : "माझी चूक नव्हती." ते पुसून पुन्हा विचारावे. दुसरे उत्तर कटू असेल. परंतु तेच घर सावरील.

पूजा आणि तपासणी यांत विरोध नाही. आधी यंत्र पाहावे, मग नारळ वाढवावा. तीच पूजा पूर्ण होय.