ते कार्ड आता येत नाही

मेढ्याला एक निवृत्त गुरुजी राहतात. १९६० च्या दशकात कोयनेचं पाणी अडलं, शिवसागर भरत गेला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. गाव उठलं. भाऊबंद कोणी कोकणात गेले, कोणी ठाण्याकडे. नोकरी संपल्यावर गुरुजींनी एक काम हाती घेतलं. बुडालेल्या गावांमधल्या शेतांची, पाणवठ्यांची, देवराईंची नावं गोळा करायची. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, पण तो बहुतेक वेळा कोराच. जांभळीचा वाफा कुठला आणि गुरवाची पट्टी कुठली, हे म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक. गुरुजी एसटीनं हिंडले, पुनर्वसनाच्या वसाहतींत ओट्यांवर बसले, लिहून घेतलं आणि घरी येऊन लॅपटॉपवर टाइप केलं.

तो लॅपटॉप म्हणजे आयबीएमचा थिंकपॅड टी ४२. मॉडेल २००४ चं, काळं, जडशीळ. मुलानं सेकंडहँड आणून दिलेलं. त्यावर जुन्या काळचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं आणि ते चालायला मागच्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये एक ‘लॉक’ खोचलेलं लागायचं. नव्या लॅपटॉपना ते पोर्टच नसतं, त्यामुळे गुरुजींना मशीन बदलणं शक्य नव्हतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची.

घरी इंटरनेट आलं आणि लॅपटॉपचं वायफाय कार्ड नेमकं गेलेलं निघालं. नात मुंबईत नोकरीला. तिनं मनाशी ठरवलं, कार्ड बसवलं की मुंबईत बसून आजोबांची स्क्रीन बघता येईल, फाइली मागवता येतील, कामाला गती येईल. ग्रँट रोडला उतरून ती लॅमिंग्टन रोडला गेली. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाचा पार्ट हवा असलेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडच विचारतो.

पहिल्या दुकानदारानं मॉडेल ऐकलं, न ऐकलं, आणि चकचकीत कार्ड काढून दिलं. “लॅपटॉपचं आहे ना? बसेल.” मेढ्याला जाऊन कीबोर्ड उचलला, मनगट टेकायची पट्टी काढली, तर स्लॉट भलताच. जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय कार्ड असायचं. पुढे मिनी पीसीआय एक्सप्रेस आलं, ते जवळपास निम्म्या आकाराचं, पिनांची मांडणीही वेगळी. त्याला कितीही दाबलं तरी ते इथे बसणार नाही.

दुसऱ्या दुकानदाराला आकार कळत होता. त्यानं दुसऱ्या कंपनीच्या भंगार लॅपटॉपमधलं मिनी पीसीआय कार्ड दिलं, पैसेही जास्त घेतले. “ओरिजिनल तर आता येत नाही. हेच लाव.” कार्ड स्लॉटमध्ये अगदी नीट बसलं. अँटेनाच्या दोन बारीक वायरी, एक करडी आणि एक काळी, टिचकन लागल्या. बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर १८०२ असा आकडा आला. खाली इंग्रजीत ओळ होती, की परवानगी नसलेलं नेटवर्क कार्ड लावलंय, मशीन बंद करून ते काढा. पुढे काही नाही. विंडोजही सुरू होईना.

गुरुजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. इतक्या वर्षांचं काम त्या पडद्यामागे. नातीनं घाईघाईनं कार्ड काढलं तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं, पण गुरुजींनी त्या दिवशी एक ओळही टाइप केली नाही.

पुढच्या खेपेला तिनं लॅपटॉपच सोबत घेतला. माहितीतल्या कुणी तरी लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं दुकान सांगितलं होतं. आत प्लॅस्टिकच्या छोट्या खणांची भिंतभर मांडणी, प्रत्येक खणावर स्केचपेननं लिहिलेले आकडे. मेकॅनिक काका चष्मा कपाळावर सरकवून बसले होते.

“टी ४२ चं वायफाय कार्ड हवंय,” ती म्हणाली. दोन्ही चुकीची कार्डं टेबलावर ठेवली आणि १८०२ ची हकीकत सांगितली.

काका हसले नाहीत. “मशीन सुरू होताना बायोस कार्डाची ओळख तपासतं. त्याच्याकडे यादी असते. यादीतलं नसलं की पुढे जाऊ देत नाही. रेडिओची मंजुरी लॅपटॉप, अँटेना आणि कार्ड मिळून घेतलेली असते, असं कंपन्यांचं म्हणणं. ही अट चुकवायच्या युक्त्या आहेत, मला येतात. पण दुसऱ्याच्या चालत्या मशीनवर मी त्या करत नाही.” त्यांनी मूळ कार्डाच्या लेबलावरचा एफआरयू नंबर, म्हणजे सुट्या भागाचा नंबर, भिंगातून वाचला, मग एक खण ओढला. कागदात गुंडाळलेलं कार्ड निघालं, नंबर तोच. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधून अशी कार्डं ते वर्षानुवर्षं काढून ठेवत आले होते.

नातीनं लगेच पर्स उघडली. काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात उचलला नाही.

“यावर काय काम चालतं?”

या एका प्रश्नासाठी मला ही गोष्ट सांगावीशी वाटली. आधीच्या दोघांनी तो विचारला नव्हता. खरं सांगायचं तर नातीनंही स्वतःला कधी विचारला नव्हता. ती इतके दिवस कार्ड शोधत होती.

तिनं सगळं सांगितलं. गावं, शेतं, आजोबा, लॉक. काकांनी मशीन सुरू केलं आणि बोट ओठांवर ठेवून कान कीबोर्डजवळ नेला. आतून मधूनच टक् असा आवाज येत होता. पुन्हा शांत. पुन्हा टक्.

“डिस्क मूळचीच दिसते. कॉपी कुठे आहे?”

“कसली कॉपी?”

“मग कार्ड नंतर,” काका म्हणाले आणि मशीन बंद करून टाकलं.

डिस्क त्यांनी हलक्या हातानं बाहेर ओढली. जुनी आयडीई डिस्क, चाळीस जीबीची, दोन ओळींत बारीक पिना. एका अडॅप्टरनं ती दुकानातल्या संगणकाला जोडली. पुढचं काम मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. दुखणाऱ्या डिस्कवरून फाइली ओढत बसायचं नसतं. अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची असते. त्यातही वाचता न येणारी जागा लागली की तिथे झुंजत न बसता ती सोडून पुढचं चांगलं सगळं आधी उचलायचं, आणि शेवटी त्या अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा जायचं. दुपारी लावलेली प्रत शटर ओढायच्या वेळेपर्यंत चालली. मधल्या वेळात काकांनी इतर गिऱ्हाइकं केली, आणि नात स्टुलावर बसून पडद्यावर सरकणारे आकडे पाहत राहिली. थोडे तुकडे अखेरपर्यंत वाचले गेले नाहीत, पण गुरुजींच्या फाइली त्यात नव्हत्या.

काकांनी प्रत एका नव्या डिस्कवर दिली, दुसरी नातीकडच्या पेनड्राइव्हवर. मग कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं. १८०२ आला नाही. “हे कार्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, राउटरवर ते चालू ठेवा. आणि यातलं एक्सपी नेटवर फिरवू नका. मायक्रोसॉफ्टनं २०१४ च्या एप्रिलात त्याचे अपडेट थांबवलेत. गरजेपुरतं लावा, काढा.” कार्डाचे पैसे त्यांनी दुसऱ्या दुकानापेक्षा कमी घेतले. दिवसभराच्या प्रतीचे वेगळे सांगितले, ते रास्त होते.

निघताना म्हणाले, “जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये आणून घे. कन्व्हर्टर मिळतात, पण ते चुकतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात. पुस्तकातला शब्द असेल तर कुणीही दुरुस्त करील. शेताचं नाव कोण दुरुस्त करणार? ते आजोबाच. त्यांच्याजवळ बस.”

नातीनं रजा टाकली. मेढ्याला ओसरीवर नवा लॅपटॉप मांडला, ती एकेक नाव वाचायची आणि गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. कन्व्हर्टरनं एका ओढ्याचं नाव असं मोडलं होतं की तिला ते छापायची चूकच वाटली, ती खोडायला निघाली. गुरुजींनी हात वर केला. “थांब. तो खरा ओढा आहे. तिथे आम्ही खेकडे धरायचो.” मग त्या ओढ्याच्या काठची आणखी चार नावं निघाली, जी फाइलीत कधी आलीच नव्हती. कागदावर नसलेलं असं बरंच काही त्या रजेत यादीत चढलं.

दिवाळीच्या सुमारास जुनी डिस्क कायमची बंद पडली. गुरुजींना त्याचं दुःख झालं नाही. तोवर ते नव्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये टाइप करायला शिकले होते. नातीनं टी ४२ मधून कार्ड काढलं आणि आधीच्या दोन कार्डांसकट लॅमिंग्टन रोडला नेऊन दिलं. काकांनी तिन्हींचे नंबर वाचले, तिन्ही आपापल्या खणांत टाकली. टी ४२ चं कार्ड पुढे कुणाच्या तरी चालत्या मशीनमध्ये गेलं.

तुमच्या घरात कुणाचं असं लिखाण जुन्या फॉन्टमध्ये, जुन्या डिस्कवर पडून असेल तर या आठवड्यात तिची पूर्ण प्रत काढून घ्या, आणि ज्यानं ते लिहिलं त्याला शेजारी बसवून एकदा वाचून घ्या.