खोटे अशिलाचे, मसुदा वकिलाचा

14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. तेव्हापासून आमच्या परिचयातले एक ज्येष्ठ वकील फार खुशीत आहेत. मालक-भाडेकरूंच्या दाव्यांत त्यांची हयात गेली. मध्यंतरी एका व्याख्यानात त्यांनी सांगून टाकले की वकील रिक्षावाल्यासारखा असतो, हात करील त्याला बसवायचे आणि सांगेल तिथे सोडायचे. पुण्यात उभे राहून रिक्षावाल्याचा हा दाखला द्यायला धाडस लागते. पण टाळ्या पडल्या.

बार कौन्सिलचे नियम त्यांच्या बाजूने आहेत, असे त्यांचे म्हणणे. आहेतच, अर्धे. वकीलपत्र सहसा नाकारू नये आणि अशिलाचे हित निर्भयपणे जपावे, असे ते नियम सांगतात. अशिलाला गैरमार्गापासून रोखावे आणि तो ऐकत नसेल तर त्याचे काम सोडावे, हेही तेच नियम सांगतात. ते पान व्याख्यानात उलटले गेले नाही.

त्याऐवजी सार्वजनिक काका आले. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाजूने उभे राहायला वकील मिळेना, तेव्हा हे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, उभे राहिले. खरे आहे, आणि पुण्याच्या वकिलीला त्याचा अभिमान असावाच. पण सरकारची खप्पामर्जी पत्करून घेतलेले वकीलपत्र कुठे आणि निकालानंतर दरखास्तीत अचानक उगवणारा भाडेकरूचा भाचा कुठे? हा भाचा शिवाजीनगर कोर्टाच्या परिचयाचा आहे. दावा, अपील, रिट, सगळे संपते. बेलिफ कब्जा वॉरंट घेऊन दारात येतो. तेव्हा आतून एक गृहस्थ बाहेर येतात आणि म्हणतात, मी स्वतंत्र भाडेकरू आहे, मला कोणी पक्षकार केलेच नव्हते. आता या हरकतीची चौकशी, तिच्यावर पुन्हा अपील. भाच्याला दिवाणी संहितेचा एकविसावा आदेश कोणी शिकवला, हे विचारायचे नसते.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र विचारले होते. 1977 चे अरिवंदंदम प्रकरण वकील मंडळी आजही रोज वापरतात, पण दावा सुरुवातीलाच फेटाळून घेण्यापुरते. मूळ गोष्ट आपल्या भाच्याचीच आहे. बाप भाडेकरू. जागा सोडण्याचा हुकूम उच्च न्यायालयापर्यंत कायम झाला, सोडायला मुदतही मिळाली. मग मुलगा पुढे आला आणि तो हुकूमच फसवणुकीचा आहे, असा नवा दावा त्याने लावला. अय्यर संतापले. असली प्रकरणे पहिल्याच तारखेला, पक्षकाराला समोर बसवून, प्रश्न विचारून निकालात काढा, असे त्यांनी खालच्या न्यायाधीशांना बजावले. तेवढ्यावर न थांबता ते वकिलांकडे वळले. उघड खोटी प्रकरणे वकिलानेच चाळून बाजूला काढावीत, हे समाजाचे त्याच्यावरचे देणे आहे आणि बार कौन्सिलने त्यात लक्ष घालावे, अशी अपेक्षा त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवली. लक्षात घ्या, हे कोणी मालकधार्जिणे न्यायाधीश नव्हते. 1957 च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारातले मंत्री होते. गरिबाची बाजू घेणे आणि गरिबाच्या नावावर लबाडी चालवणे यांत त्यांची गल्लत झाली नाही.

आजवर मी तारीख मागणाऱ्या वकिलालाही आरोपी करून बसलो होतो. तीन तारखांची मर्यादा कायद्यात आहे, मग वीस वर्षे कशी लागतात, असा नेहमीचा सूर. पण सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांचा विचार केला की हा सूर जरा खाली येतो. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. हे गोठवणे अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटले, तोवर वाड्यांचे वासे पोखरले गेले होते. चहाच्या खर्चाइतक्या भाड्यात मालक कौले बदलणार नाही. महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटीस लावते. मागच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एवढेच कळते की वाडा उतरवला की आपण रस्त्यावर. तिच्या वकिलाने पुढची तारीख मागितली तर त्याला अनीतिमान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या तारखेखेरीज तिच्या हातात काय आहे?

तेव्हा दोष तारखेत नाही, मसुद्यात आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाला स्वतःच्या वाजवी गरजेसाठी जागा मागता येते. म्हणून प्रत्येक दाव्यात वादीचा मुलगा लग्नाचा होतो आणि राहती जागा अपुरी पडते. त्याच वेळी बिल्डरशी बोलणी झालेली असतात आणि त्याची कागदपत्रे कधी कधी त्याच वकिलाच्या कपाटात असतात. समोरून कैफियत येते: दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. सर्व म्हणजे घर क्रमांकसुद्धा. कात्रजला स्वतःचा फ्लॅट असलेला भाडेकरू जगात दुसरे छप्पर नसल्याचे शपथेवर सांगतो. अशिलाने हे विस्कळीत, अडखळत सांगितलेले असते. कलमात बसेल असे सुबक खोटे त्याला स्वतःला लिहिता येत नाही. सत्यापनाखाली सही मात्र त्याची.

ज्येष्ठ मित्र म्हणतील, खरे-खोटे ठरवणे न्यायाधीशाचे काम. मान्य. वकिलाला संशय असेल तर त्याने गप्प बसून लढावे, माझी हरकत नाही. पण बिल्डरचा करार ज्याने स्वतः टाइप करून घेतला, त्याने त्याच आठवड्यात मुलाच्या लग्नाचा परिच्छेद सांगू नये. रिक्षावाला प्रवाशाला सोडतो, त्याच्या नावाने खोटी तक्रार लिहून देत नाही.

खोट्या दाव्याबद्दल दिवाणी संहितेच्या कलम 35अ खाली भरपाई मिळते. तिची कमाल मर्यादा 3,000 रुपये आहे आणि ती अशिलाने भरायची असते. ही रक्कम वाढवा, आणि मसुदा करताना वकिलाला खोटे माहीत होते असे सिद्ध झाले, तर निम्मी त्याच्याकडून घ्या.