गोठलेल्या जमिनीतली काळपुळी

अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाचं एक लहानसं गाव आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने पाच दिवसांत तिथल्या ८० प्रौढांपैकी ७२ जणांना नेलं. त्यांना कायम गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरलं गेलं. १९५१ मध्ये आयोवा विद्यापीठात शिकणारा योहान हल्टिन तिथे पोचला, गावातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन त्याने ती जमीन खणली आणि मृतांच्या फुप्फुसांचे तुकडे प्रयोगशाळेत नेले. विषाणू वाढवून पाहिला. काही केल्या वाढेना. ३३ वर्षांत तो मरून गेला होता. हल्टिन १९९७ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, पुन्हा त्याच गावात गेला. या खेपेला मिळालेल्या फुप्फुसात विषाणूच्या जनुकांचे तुटके धागे शिल्लक होते, आणि शास्त्रज्ञांना विषाणूची ओळख पटायला तेवढे उपयोगी पडले.

मला या हकिगतीतलं ते पहिलं अपयश फार मोलाचं वाटतं. बर्फ सगळं जसंच्या तसं जपतो, असं आपण धरून चालतो. २०१४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी सैबेरियाच्या ३०,००० वर्षं जुन्या मातीतला विषाणू जिवंत केला, तेव्हा जगभर धसका घेतला गेला. तो विषाणू फक्त अमिबाला लागण करतो, हे मात्र फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. थंड प्रदेशातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला आधी हेच पाहावं लागतं: कोण मेलं, कोण टिकलं, आणि टिकलेलं कोणाला बाधतं.

काळपुळीचा जंतू टिकतो. परिस्थिती बिघडली की तो जाड कवचाचा बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. पुरलेल्या जनावरांचे हे बीजाणू गांडुळं वर आणतात, असं पाश्चरने सांगितलं होतं. सैबेरियाच्या यामाल द्वीपकल्पात गांडुळांचं काम उन्हाने केलं असावं. २०१६ च्या जुलैत तिथे पारा ३५ अंशांपर्यंत चढला, वरची जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली, आणि १९४१ नंतर प्रथमच काळपुळी उसळली. दोन हजारांहून जास्त रेनडियर मेले. नेनेत्स पशुपालकांची कुटुंबं रुग्णालयात गेली, आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला.

आता खरी बोचणारी गोष्ट. या रोगावर पाश्चरने १८८१ मध्येच मेंढ्यांना लस टोचून दाखवली होती. यामालमध्येही रेनडियरना लस दिली जायची. रोग अनेक दशकं दिसला नाही म्हणून २००७ मध्ये ती थांबवली गेली. अज्ञात विषाणूच्या बातम्यांनी आपली झोप उडते आणि ओळखीच्या रोगाची लस बंद पडते, तेव्हा कुणी हूंही करत नाही. नवा रोग शोधणाऱ्याला मान मिळावाच. पण वितळत्या टुंड्रात मातीचे नमुने तपासत, जनावरं कुठे पुरली होती हे म्हाताऱ्या पशुपालकांना विचारत हिंडणाऱ्या जीवशास्त्रज्ञाच्या कामालाही पैसा हवा, माणसं हवीत, आणि रोग दिसत नसलेल्या वर्षांत तर ती जास्तच हवीत.

त्या उन्हाळ्यानंतर यामालमध्ये लसीकरण पुन्हा सुरू झालं. ही लस एकदा टोचून भागत नाही. दरवर्षी कळपामागे जावं लागतं, आणि टुंड्रात कळप एका जागी थांबत नाहीत.