दस्तुरी नाक्यापुढचा कॅमेरा

दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, म्हणून माथेरानात छायाचित्रकाराला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो वजनाचा. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. तिथवर मिनी ट्रेन, घोडा किंवा अलीकडची ई-रिक्षा मिळते. पण पुढे पॅनोरमा असो, गारबट असो की वन ट्री हिल, पायपीट चुकत नाही. पहिल्या दिवशी दोन बॉडी, तीन लेन्स आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघालेला हौशी माणूस दुसऱ्या दिवशी एकाच लेन्सवर येतो. हौशी मंडळी जमली की ‘कोणता कॅमेरा घेऊ’ हा प्रश्न हटकून निघतो. माथेरान तो बाजूला सारते आणि ‘कुठे, किती वाजता उभे राहायचे’ हा दुसराच प्रश्न पुढे करते.

मुंबई इलाख्यात हौशी लोकांची तंत्रचर्चा फार जुनी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची कृती प्रसिद्ध केली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून चालवलेल्या मासिकाचे नावच ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ असे होते. कलोडियनची काच ओली आहे तोवर चित्र घेऊन लगेच धुवावी लागे, आणि इथल्या उन्हात ती भराभर सुके. दुसऱ्याने कोणते मिश्रण वापरले, किती वेळ झाकण उघडे ठेवले, हे कळले नाही तर चित्र उतरतच नसे. त्या सभासदांना एकमेकांची गरज होती. आजचा कॅमेरा बहुतेक हिशेब स्वतःच करतो, त्यामुळे चर्चा उपकरणांच्या किमतींकडे घसरते. कॅमेऱ्याचा हिशेब जिथे चुकतो तिथे मात्र तिला पुन्हा काम मिळते, आणि माथेरानात तो वारंवार चुकतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण धुक्याचे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. पावसाळ्यात शार्लट तलावाच्या काठी सगळी चौकट पांढुरकी असते. मापक तिला करडी करून टाकतो आणि चित्र मळके उतरते. उपाय साधा आहे: एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवायचे. हे ज्याला ठाऊक नाही तो घरी जाऊन संगणकावर कॉन्ट्रास्ट ओढतो, आणि मग धुकेच नाहीसे होते. स्वयंचलित फोकसचीही तीच गत. त्याला धरायला कडा लागते, धुक्यात कडाच विरलेल्या असतात. लेन्स पुढेमागे घरघरत राहते. जवळच्या जांभळाच्या किंवा हिरड्याच्या खोडावर फोकस धरावा, नाहीतर हाताने फिरवावा. लांब पल्ल्याच्या लेन्सने दूरचे झाड जवळ येते खरे, पण मधले सगळे धुकेही त्याच्याबरोबर येते. म्हणून अनुभवी लोक धुक्यात रुंद लेन्स लावून झाडाच्या जवळ जातात. काळे खोड पुढे, त्यामागे फिकट, त्याहून मागे नुसता भास, अशी खोली तिथे आयती मिळते.

रंगाचा पेच वेगळाच आहे. पायवाटा जांभ्याच्या लाल मातीच्या आणि वर दाट पाने, त्यामुळे खाली येणारा उजेड हिरवट. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स या दोघांत गोंधळतो. माती तांबडी ठेवावी तर माणसांचे चेहरे बिघडतात. रॉ फाइलमध्ये चित्र घेतले तर निर्णय पुढे ढकलता येतो, इतकेच. तो घ्यावा लागतोच. दमटपणाबद्दल फार बोलायला नको: पावसाळी सहलीनंतर लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवली नाही तर बुरशी धरते.

सूर्यास्ताची चित्रे सर्वाधिक निघतात आणि सर्वांत कमी विचाराने निघतात. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्य रोज एकाच जागी बुडत नाही. १९ अक्षांशावर तो डिसेंबरअखेर पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारे २५ अंश आणि जूनअखेर तितकाच उत्तरेस मावळतो. मार्चच्या सुमारास मावळतीची जागा रोज सूर्याच्या व्यासाच्या जवळपास पाऊणपट सरकते. तेव्हा प्रबळगडाच्या कडेला टेकलेल्या सूर्याचे कोणाचे चित्र पाहून तेच टिपायला निघालेल्याने कॅमेऱ्याचे नाव विचारून उपयोग नाही, तारीख विचारावी. ऑक्टोबरात पावसाने धुतलेल्या हवेत डोंगरांच्या रांगा सुट्या दिसतात. मे महिन्यात धुरळ्याने त्या एकमेकींत मिसळतात. कोणताही फिल्टर हा फरक भरून काढत नाही.

शेकरू हा राज्यप्राणी आणि माथेरानच्या जंगलातला हक्काचा रहिवासी. तो उंच फांदीवर, मागे पांढरे आकाश, त्यामुळे पुन्हा मापक फसतो आणि तांबूस अंगाचे काळे ठिपके होतात. इथे तंत्राला दुसरी बाजू आहे. जवळून चित्र मिळावे म्हणून खाऊ टाकण्याची सवय माकडांच्या बाबतीत काय करते, ते बाजारपेठेत हातातली पिशवी हिसकावली गेलेल्या कोणालाही विचारावे. खाऊ टाकून मिळवलेल्या चित्राखाली तसे लिहिण्याचा रिवाज हौशी मंडळात पडला, तर स्पर्धांतली बरीच कौतुके आटोपती होतील.

नेरळ ते माथेरान मिनी ट्रेन १९०७ पासून धावते. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभारली. सुमारे २१ किलोमीटरला दोन तासांहून अधिक घेणारी ही गाडी पॅनिंग शिकायला चांगली, पण तिच्या मंदपणामुळे शटर १/१५ पर्यंत खाली आणल्याशिवाय मागची झाडी पुसट होत नाही. तोच मंदपणा लोकांना रुळांत उभे राहण्याचे धाडसही देतो, जे मूर्खपणाचे आहे.

या सगळ्यातून चित्रासोबत काय सांगावे हेही ठरते. शटर, छिद्र आणि आयएसओ हे आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात, पण जागा बदलली की त्यांचा उपयोग थोडाच. पॉइंटचे नाव, महिना, वेळ आणि हवा यांची नोंद दुसऱ्याच्या कामी येते. हातरिक्षेच्या चित्रात तर या नोंदीवाचून भागत नाही. लाल वाट, धुके आणि वाकलेली पाठ असे चित्र माथेरानच्या बहुतेक संग्रहांत सापडते. त्यावर बोलताना शटरचा आकडा निघतो, ओढणाऱ्याची परवानगी क्वचितच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्याचे आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षांद्वारे रोजगार देण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून अशा चित्राखालची तारीख ही केवळ तांत्रिक बाब उरलेली नाही. कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ काढून ठेवली की त्यातले घड्याळ पुष्कळदा मूळ तारखेवर परत जाते. नेरळला उतरण्यापूर्वी ते तपासायला अर्धे मिनिट लागते.