मनी घमेल्याबाहेर का बसते

म्हातारं मांजर ठरलेली जागा सोडून पायपुसण्यावर घाण करून ठेवतं, तेव्हा घरात सगळ्यात आधी उठणारा माणूस चिडतो. फडकं शोधतो, फिनेल ओततो आणि कामाला लागतो. मला वाटतं, फडकं घेण्याआधी जरा खाली वाकून जे पडलंय ते नीट बघावं. सुपारीसारखे टणक खडे आहेत की पातळ आहे? त्यात आव, रक्त दिसतंय का? लघवीचं थारोळं आहे की नुसते थेंब? मांजर कण्हत नाही, दुखणं लपवून वावरतं. त्याच्या पोटात काय बिघडलंय हे घरच्यांना बहुतेक वेळा इथेच कळतं.

आमची मनी उभा जन्म परसातल्या माडाच्या मुळाशी माती उकरून बसत आली. आता मिरगाचा पाऊस लागला की ती पडवीच्या उंबऱ्यावर उभी राहते, बाहेर बघते आणि मागे फिरते. भिजलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतरणं तिला झेपत नाही. पूर्वी अशा मांजराला चुलीतली राख असायची. ओरोसला जिल्ह्याची कचेरी आली, सिंधुदुर्गनगरी वसली, आणि आमच्यासारख्यांच्या घरांतून चुली गेल्या, सारवलेल्या खळ्यांच्या जागी लाद्या आल्या. अमेरिकेतही मांजरांसाठी राख नि वाळूच वापरत. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांनी शेजारणीला त्याऐवजी पाणी शोषणारी वाळलेली माती दिली आणि त्यातून ‘किटी लिटर’चा धंदा उभा राहिला. आम्ही मनीसाठी पडवीत वाळूचं घमेलं ठेवलं. ती त्याच्यापाशी जायची, पुढचे पाय कडेवर टेकवायची आणि शेजारीच बसायची.

घमेल्याची कड तिला उंच पडत होती. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांच्या एक्स-रे तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. दुखऱ्या कमरेने कुंथत बसणं म्हणजे काय, हे घरात म्हातारं माणूस असलेल्यांना वेगळं सांगायला नको. आता घमेल्याऐवजी प्लास्टिकचा पसरट टब आहे, एका बाजूने चार बोटं उंचीपर्यंत कापलेला. खाली गोणपाट आहे, कारण लादीवर तिचे पाय सरकतात. मांजरं असतील त्याहून एक पेटी जास्त ठेवावी असं पशुवैद्य सांगतात, म्हणून दुसरा टब न्हाणीजवळ ठेवलाय.

पण जागा सोपी केली म्हणून पोट सुटतंच असं नाही. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. ते शिकारीच्या मांसातूनच पाणी घेत, त्यामुळे मांजराला तहान मुळातच कमी. म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात, लघवीवाटे पाणी वाहून जातं, आणि शरीर आतड्यातल्या मळातूनही पाणी ओढून घेतं. मळ खडा होतो, तो टाकताना दुखतं. जिथे दुखलं ती जागाच वाईट, असं मांजर मनाशी धरतं आणि दुसरी जागा शोधतं. पायपुसणं मऊ असतं, न्हाणीची लादी थंड असते.

म्हणून मी तिचं पाणी वाढवायला लागले. घरात ठिकठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, टबापासून लांब. बिनमिठाचा उकडलेला मासा काटे काढून, त्याच पाण्यासकट देते. जून-जुलैत समुद्रावर बंदी असते, घरात सुका बांगडा नि सुकट येते, पण त्यातलं मीठ तिच्या मूत्रपिंडांना चालत नाही. साराचा भातही नाही, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला अपाय करतात. बशीभर दूध ही तर सगळ्यांची आवडती माया, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागतात. चमचाभर उकडलेला तांबडा भोपळा काहींना मानवतो, मात्र अंगात पाणी नसताना नुसता चोथा वाढवला तर मळ आणखी अडतो.

आणि लंघन नको. आपल्याकडे पोट बिघडलं की उपास घालायची रीत आहे, ती मांजराला लावू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते, आणि ते मूळ दुखण्याहून भारी पडतं. काळं फिनेलही मी घरातून काढून टाकलं. त्यातली द्रव्यं माणसाचं यकृत निभावून नेतं तशी मांजराचं नेत नाही. त्याच कमतरतेमुळे तापावरची साधी पॅरासिटामोलची गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमाही तसाच घातक. कोमट पाणी नि साबणाने जागा स्वच्छ होते. बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय आणि लघवीचा थेंबही पडत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

शेजारच्या काकी परवा मला म्हणाल्या, “म्हातारपणाक औषध खंय गावता?” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, माया होती. त्यांचे मुलगे मुंबईला, गुडघे दुखतात, तरी संध्याकाळी मनीसाठी माशाचा तुकडा घेऊन त्याच येतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या वाढायची तर घटली. गावागावांत म्हातारी माणसं राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांची मांजरंही. ‘वय झालं’ हे दोन शब्द आपण दोघांसाठीही फार लवकर वापरतो. वयाला औषध नसेल, पण वयाच्या नावाखाली झाकलेल्या कितीतरी दुखण्यांना आहे. काकींच्या गुडघ्यांनाही आहे, आणि ते मी त्यांना सांगितलं.

आज मनीला दवाखान्यात न्यायचंय. बाकावर गाई-वासरांची, कोंबड्यांची माणसं असतील. ‘माजराक डॉक्टर कित्याक?’ असं कोणी विचारेल, त्याला मी सांगेन की दुखतंय म्हणून. झाकणाच्या टोपलीत तिची जुनी चादर घातलीय, डबीत मळाचा नमुना घेतलाय. वहीत लिहून ठेवलंय: कधी बसली, कुठे बसली, किती पाणी प्याली, वजन किती उतरलं. डॉक्टरांना विचारायचं आहे, रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला हवं का? थायरॉइडची शंका वाटते का? मळ मऊ करायला लॅक्ट्युलोज द्यायचं तर किती? आणि कातडीखाली सलाईन देत राहावं लागणार असेल, तर ते घरी कसं द्यायचं हे मला शिकवाल का?